नाटकाचं दोनशेचं तिकीट नेमकं कुठे मिळतं?

पोस्ट लांबलचक आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सेव्ह करून ठेवा, मुंबईला जाताना उपयोगी पडेल. ज्यांना वेळ आहे त्यांनी भांडायला या.

गेल्या महिन्यात आत्याला तपासणीसाठी परळला घेऊन गेले होते. आपल्या देवरूखच्या आजूबाजूच्या माणसाचं मुंबईला जाणं कशाला होतं हे काही वेगळं सांगायला नको. इस्पितळ, लग्न, बारावं, नाहीतर मुलाची कसली तरी परीक्षा. फिरायला म्हणून कोणी जात नाही. आत्याचंही तसंच. सकाळी सातला नंबर लावला, रिपोर्ट दाखवून दुपारी दोनला मोकळ्या झालो. परतीची तुतारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी, दादरहून. मधले दहा तास करायचं काय? नातेवाईक सगळे दिवा, बदलापूर, नालासोपारा. तिथे जाऊन यायचं म्हणजे चार तास लोकलमध्येच.

आत्या म्हणाली, "येवढ्या लांब आलाव, तर येक नाटक बगून जाव्या."

आत्या सत्तरीची आहे. तिचे यजमान गिरणीत होते, लग्नानंतर चार वर्षं ती लालबागला चाळीत राहिलेली. त्या चार वर्षांत पाहिलेल्या नाटकांवर तिने पुढची पंचेचाळीस वर्षं काढली. गिरणी गेली, खोली गेली, ती गावाला आली आणि नाटक संपलं. मग शिमग्यातलं नमन, गणपतीतली जाखडी आणि टीव्ही.

मी मोबाईल काढला. एका तिकिटाच्या ॲपवर बघितलं, दादर भागात त्याच रात्री आठचा प्रयोग होता. नाटकाचं नाव देत नाही, जाहिरात नको. ॲपवर तिकिटं दिसत होती ती ५०० आणि ४०० ची. ३०० आणि २०० चे चौकोन होते, पण सगळे राखाडी. म्हणजे संपलेली. वर प्रत्येक तिकिटामागे ॲपचा आकार वेगळा. दोघींचे हजाराच्या वर. सकाळीच औषधांचं बिल झालेलं. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि आत्याला म्हटलं, "हाऊसफुल्ल आहे गं."

खोटं बोलले. मला वाईट वाटलं, पण बोलले.

ती म्हणाली, खिडकीवर जाऊन तर बघ. तिच्या डोक्यात अजून खिडकीच होती, आणि त्या दिवशी तीच बरोबर ठरली.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही खिडकीवर. आत एक गृहस्थ, समोर कागदाचा प्लॅन, हातात पेन्सिल. मी विचारलं, सगळ्यात स्वस्त कुठलं? त्यांनी प्लॅन फिरवून दाखवला. बाल्कनीच्या शेवटच्या दोन रांगांत दोनशेची अकरा तिकिटं शिल्लक होती. मी म्हटलं, ॲपवर तर संपलेली दाखवतायत. ते म्हणाले, "मॅडम, तिथला कोटा संपला. हा खिडकीचा." दोन तिकिटं, चारशे रुपये, वर काही नाही. आत्याचे गुडघे बघून त्यांनी स्वतःच जिन्याजवळच्या कडेच्या खुर्च्या दिल्या.

आता गंमत ऐका. आत गेलो. बाल्कनी जवळजवळ भरलेली आणि खाली पाचशेच्या रांगांमध्ये मोकळ्या खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे. गुरुवार होता. मध्यंतरात मी वरून मोजायचा प्रयत्न केला, साठाच्या पुढे मोजणं सोडलं. साठ खुर्च्या रिकाम्या, त्यांचं भाडं भरलेलं, वर एसी चालू, समोर नट घाम गाळतोय. आणि बाहेर कुठेतरी माझ्यासारखी कोणीतरी मोबाईल पर्समध्ये टाकून आपल्या आत्याला "हाऊसफुल्ल आहे" म्हणून सांगतेय.

त्या साठ खुर्च्यांसाठी ही पोस्ट लिहितेय.

आधी एक गोष्ट साफ करते, नाहीतर लगेच सुरू होईल की नाटकवाले लुटतात. लुटत नाहीत. मुंबईचं नाटक म्हणजे थिएटरचं भाडं, कलाकारांची नाईट, बॅकस्टेजची माणसं, सेट वाहून नेणारा टेम्पो, बस, पेपरातल्या जाहिराती. प्रयोगाला शंभर माणसं आली तरी हा खर्च तेवढाच आणि नऊशे आली तरी तेवढाच. निर्मात्याने दोन रविवार कमवायचे आणि चार गुरुवार घालवायचे, असा तो धंदा आहे. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला आपण जेवढे मोजतो तेवढ्यात बाल्कनीतून नाटक होतं, आणि त्या पॉपकॉर्नबद्दल आपण कधी पोस्ट लिहीत नाही हेही खरं.

तिकीट पाचशेवरच का अडकलेलं असतं याचंही कारण आहे. जीएसटी आला २०१७ ला. तेव्हा नाटकाच्या २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटालाच करमाफी होती. नाटकवाल्यांनी आरडाओरडा केला, मग जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० झाली. पाचशेपर्यंत कर शून्य आणि पाचशेच्या वर एक रुपया गेला तरी १८ टक्के. म्हणून पेपरातल्या जाहिरातीत ५००, ४००, ३००, २०० ही उतरंड दिसते. काही गाजणारी नाटकं आता ते कुंपण ओलांडून पुढे गेलीयत, पण बहुतेकांचं पहिलं तिकीट अजून पाचशेलाच थांबतं. म्हणजे सरकारने स्वस्त नाटक म्हणून जी रेघ मारली, ती बाजाराने पहिल्या रांगेचा भाव म्हणून लावून टाकली. यात चूक कोणाची म्हणायची? मला तरी कोणाची दिसत नाही. सात-आठ वर्षांत डिझेल कुठे गेलं, ती रेघ आहे तिथेच आहे. उद्या ती वर सरकवतील तेव्हा पहिली रांगही सरकेल. माझं म्हणणं पहिल्या रांगेबद्दल नाहीच. मला शेवटच्या रांगेबद्दल बोलायचंय.

शेवटची रांग ही मराठी नाटकातली फार मानाची जागा आहे. म्हणजे असायला हवी. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त मानापमान झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकीट शंभर रुपयांपर्यंत चढलं होतं. १९२१ चे शंभर! ती गोष्ट आपण शंभर वर्षं सांगतोय. पण पुढच्याच वर्षी, १९२२ ला, परळला दामोदर हॉल उभा राहिला, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा, गिरणगावाच्या मध्यावर. तिथे पाळी संपवून आलेला कामगार स्वस्तात नाटक बघायचा आणि स्वतःही करायचा. आत्याची चार वर्षांतली नाटकं बहुतेक तिथलीच. आपल्या कोकणातल्या मंडळांची नमनं, शक्तीतुऱ्याचे सामने त्याच स्टेजवर झाले. मला विचाराल तर शंभर रुपयांच्या तिकिटापेक्षा मराठी नाटकाला दामोदरच्या शेवटच्या रांगेने जास्त जगवलं. नोव्हेंबर २०२३ पासून ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद आहे. आत्याने विचारलं, जाव्या काय तिकडं? मी सांगितलं, बंद आहे. ती पुढे काही बोलली नाही.

दादरच्या छबिलदास शाळेचं पण तेच. १९७४ पासून आविष्कारने तिथल्या हॉलमध्ये नाटकं केली. खुर्च्या बेताच्या, तिकीट बेताचं, आणि तिथून किती मोठे नट-लेखक पुढे आले ते तुम्हाला माहीत आहे. तिथे नाटक बघायला येणाऱ्यांत कॉलेजची पोरं भरपूर असायची. दोनशे-तीनशेला पाच रुपये कमी पडतायत म्हणून नाटक सुटलं, असं होऊ नये ही साधी गोष्ट तेव्हा लोकांना कळत होती.

आता आपल्या बाजूचं गणित मांडते. देवरूखच्या माणसाला मुंबईचं नाटक कितीला पडतं? तिकीट दोनशे की पाचशे हा भाग त्यात नंतर येतो. जाण्यायेण्याचं भाडं आलं. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालंय, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, ते बरं झालं. आगारातून थेट गाडी आहे. रेल्वेने गेलं तर संगमेश्वर स्टेशनपर्यंतचा खर्च वेगळा. मग मुंबईत राहणार कुठे? लॉज परवडत नाही, नातेवाईकाकडे जावं तर नाटक संपतं पावणेअकराला आणि बदलापूरला पोचेपर्यंत एक. त्यांनी कडी कधी काढायची? सगळ्यात महाग असते ती रात्र. ती रात्र वाचवली तर नाटक स्वस्त. नाही वाचवली तर फुकटचा पास मिळूनही महाग.

आणि ती रात्र वाचवायचा उपाय आपल्याला कोकण रेल्वेने आयता दिलाय. तुतारी. (नाव केशवसुतांच्या कवितेवरून, २०१७ मध्ये दिलं, त्याआधी राज्यराणी होती. मालगुंडच्या कवीच्या नावाने निघणारी गाडी नाटक सुटल्यावर तासाभराने मिळते, हा योग जुळवून आणला असता तरी जुळला नसता.) रात्री आठचा प्रयोग दादर किंवा माटुंग्याला बघा, पावणेअकरा-अकराला सुटा, स्टेशनवर या, वडापाव खा, बारा-पाचला गाडीत झोपा, सकाळी संगमेश्वर. लॉज नाही, पाहुण्यांची झोपमोड नाही.

फक्त एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय. गाडी बारा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे तारीख बदललेली असते. नाटक गुरुवारी रात्री बघायचं तर रिझर्व्हेशन शुक्रवारच्या तारखेचं लागतं. दोन वर्षांपूर्वी मी गुरुवारचं काढलं होतं. दादरला डब्यात चढले तर माझ्या बर्थवर दुसरं माणूस झोपलेलं आणि माझी गाडी आदल्या रात्रीच गेलेली. दंड भरून, दाराशी बॅगेवर बसून आले. चूक माझीच, रेल्वेची नाही. पण त्यानंतर नाटक म्हटलं की मला तो दरवाजा आठवायचा.

दादरचाच हट्ट धरू नका, हेही सांगते. आपल्याला नाटक म्हटलं की शिवाजी मंदिर आठवतं, कारण वडलांनी ते नाव सांगितलेलं. पण आपली माणसं आता दादरला राहतात कुठे? ती डोंबिवलीत, तिथे सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर, ठाण्याला गडकरी रंगायतन आणि घाणेकर, मुलुंडला कालिदास, वाशीला विष्णुदास भावे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ. पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, ते तर आपल्या वाटेवर. तेच नाटक, तेच नट, आठवड्याभरात या सगळीकडे फिरतात. बहीण डोंबिवलीला आणि तुम्ही तिला दादरला ओढताय, मग रिक्षा, लोकल, परत रिक्षा, आणि वर म्हणायचं नाटक परवडत नाही. आधी पाहुण्यांचं घर बघा, मग जवळचं थिएटर आणि मग नाटक. उलटं करू नका.

बाकी जे मला चार फेऱ्यांत कळलं ते असं. शनिवार-रविवारचा मराठी पेपर घ्या, त्यात नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं, कुठला प्रयोग कुठे किती वाजता. प्रयोगाच्या काही दिवस आधी प्लॅन उघडतो. स्वस्त तिकिटं पहिल्या दिवशी संपतात हा अर्धाच खरा समज आहे. रविवारी संपतात, मधल्या वारी राहतात. खिडकी बऱ्याच ठिकाणी दुपारी बंद असते, सकाळी आणि संध्याकाळीच उघडी, त्यामुळे इस्पितळातून दुपारी एकला धावत जाऊ नका. मुंबईत कोणी आपलं असेल तर त्याला सकाळी ऑफिसला जाता जाता दोन तिकिटं काढायला सांगा, तेवढ्याने ॲपचा आकार वाचतो. ॲप वाईट आहेत असं नाही. देवरूखात बसून तिकीट निघतं ही सोय लहान नाही. प्रशांत दामल्यांनी आणलेलं तिकिटालय आहे, बुकमायशो आहे. ज्याला लांबून जायचंय आणि तिकीट नक्की हवंय त्याने जरूर ॲपवर काढावं. माझा आक्षेप एवढाच की ॲपवर "संपलं" दिसतं तेव्हा ते ॲपचं संपलेलं असतं, नाटकाचं नव्हे. ही एक ओळ तिथे लिहायला काय जातं? "खिडकीवर चौकशी करा." एवढीच. माझे साडेतीन तास आणि एक खोटं वाचलं असतं.

आणि बाल्कनीला नाक मुरडू नका. आपल्याकडच्या लोकांना पहिल्या पाच रांगांचं वेड असतं, कारण आपण अंगणात सतरंजीवर पुढे बसून नमन बघितलेलं. नव्या-जुन्या थिएटरात बाल्कनीच्या पहिल्या रांगेतून सेट पूर्ण दिसतो, माणसांच्या डोक्यांमधून वाकून बघावं लागत नाही. ज्याला ऐकायला कमी येतं त्याने मात्र खाली पैसे घालावेत. आत्याला ऐकू चांगलं येतं, दिसायला कमी. तिने अर्धं नाटक डोळे मिटून बघितलं. मला वाटलं झोपली. मध्यंतरात म्हणाली, "नाय गो, ऐकतंय."

पैसे अजिबातच कमी असतील, म्हणजे आपली कॉलेजची पोरं, त्यांच्यासाठी व्यावसायिक नाटकापलीकडे बरंच काही आहे. राज्य नाट्य स्पर्धा. तिचं तिकीट चहा-वडापावच्या भावात असतं आणि त्यासाठी मुंबईला जायलाच नको, रत्नागिरीला केंद्र असतं, सावरकर नाट्यगृहात. हौशी मंडळी दोन-दोन महिने तालमी करून येतात आणि समोर कधी कधी चाळीस माणसं असतात. त्यात परीक्षक धरून. मुंबईत असाल आणि जानेवारी असेल तर चतुरंगची सवाई एकांकिका, २५ तारखेच्या रात्री सुरू होते ती सकाळपर्यंत. एका तिकिटात रात्रभर नाटक आणि राहायचा प्रश्नच मिटला! प्रायोगिक नाटकांची छोटी थिएटरं आहेत, जुहूला पृथ्वी आहे, नरिमन पॉइंटला एनसीपीएत मराठी नाटकं होतात. तिथे जायला आपल्या पोरांना उगाच भीती वाटते, इंग्रजी बोलावं लागेल म्हणून. तिकीट दाखवलं की आत सोडतात, इंग्रजी कोणी विचारत नाही.

एक तिकीट मात्र स्वस्त मिळत नाही आणि मिळूही नये. मंडळाचं. आपल्या वाड्यांची मुंबई मंडळं आख्खा प्रयोग विकत घेतात आणि देणगी प्रवेशिका खपवतात. पाचशेची प्रवेशिका, पाठीमागे शिक्का, खाली "मंदिर जीर्णोद्धारासाठी". चाकरमान्याने दहा घ्यायच्या, चार विकायच्या, सहा स्वतःच्या डोक्यावर. आमच्या वाडीच्या शाळेवरचे पत्रे अशाच एका प्रयोगाचे आहेत. तिथे सवलत मागणारा माणूस मी बघितला नाही. आणि दुसरी गंमत, जे नमन आपण इथे शिमग्यात फुकट, पुन्हा वर चहा पिऊन बघतो, तेच नमन मुंबईत थिएटरमध्ये लागलं की चाकरमानी तीनशे-चारशे मोजतो आणि हाऊसफुल्ल करतो. त्याला नाटक महाग वाटत नाही. कारण ते त्याचं असतं. म्हणजे माणूस पैसे काढतो. प्रश्न आहे त्याला बोलावलंय असं त्याला वाटतं का, हा. ॲपवरचे राखाडी चौकोन बघून तरी मला कोणी बोलावलंय असं वाटलं नव्हतं.

आता त्या साठ खुर्च्या.

न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून एक खिडकी आहे. त्या दिवशीच्या प्रयोगांची न विकलेली तिकिटं तिथे मोठ्या सवलतीत मिळतात, कित्येकदा अर्ध्या किमतीत. लोक रांग लावतात. लंडनला लेस्टर स्क्वेअरमध्ये १९८० पासून तसलीच खिडकी. तिथली नाटकं आपल्यापेक्षा कितीतरी महाग, निर्माते आपल्यापेक्षा कितीतरी हिशेबी, तरी त्यांनी हे केलं. कारण पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. आंबा उद्या विकता येतो, निदान परवा आमरसाला जातो. गुरुवारची खुर्ची शुक्रवारी विकता येत नाही. लंडनच्याच ग्लोब थिएटरने १९९७ ला सुरू होताना स्टेजसमोरच्या अंगणात उभं राहून बघायची तिकिटं पाच पौंडांना ठेवली आणि कित्येक वर्षं ती वाढवली नाहीत. उभं राहून! आपल्याकडे नमनाला माणूस रात्रभर कुडाला टेकून उभा असतो, त्याला हे नवीन नाही.

दादरला अशी एक खिडकी का असू नये? तुतारी सुटते त्या दादरला, जिथे आख्खं कोकण चढतं-उतरतं. मुंबई-ठाण्यातल्या त्या दिवशीच्या सगळ्या प्रयोगांची उरलेली तिकिटं, सोमवार ते शुक्रवार, प्रयोगाच्या दोन-तीन तास आधीपासून, अर्ध्या भावात. नाट्य परिषद आहे, निर्माता संघ आहे, यशवंत नाट्य मंदिर परिषदेचं स्वतःचं आहे. जमणार नाही असं काय आहे त्यात?

एका ओळखीच्या मॅनेजरना हे बोलले तर ते हसले. म्हणाले, "ताई, आमचा प्रेक्षक हुशार आहे. संध्याकाळी अर्ध्या भावात मिळतं कळलं की सकाळी कोण घेणार?" मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण रविवार सोडून द्या ना. पहिल्या दहा रांगा सोडून द्या. नाटक हाऊसफुल्ल जात असेल तर त्या खिडकीवर ते येणारच नाही. ज्याला खुर्ची निवडायचीय, शेजारी शेजारी चार हवीयत, तो सकाळी पाचशे देऊनच घेईल. संध्याकाळी येणारा माणूस वेगळा आहे. तो आज येतच नाहीये. आणि जो येतच नाहीये त्याच्यामुळे नुकसान कसं होईल?

दुसरी मागणी सरकार आणि महापालिकांकडे, आणि ती मी मागणी म्हणूनच लिहितेय. गडकरी, कालिदास, दीनानाथ, अत्रे ही थिएटरं पालिकांची आहेत, लोकांच्या पैशाची. राज्य सरकार व्यावसायिक नाटकांना अनुदानही देतं. द्यावं, जास्त द्यावं. पण मग त्या बदल्यात शेवटच्या दोन रांगा त्याच दिवशी, खिडकीवर, ठरलेल्या कमी भावात विकायच्या, विद्यार्थी आणि म्हातारी माणसं आधी, एवढी अट घालायला काय हरकत आहे? निर्मात्याला त्या दोन रांगांचा फरक अनुदानातून भरून द्या. एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं जसं सरकार महामंडळाला देतं, तसंच. इथे फुकट कोणी मागत नाहीये. फुकट पासांचा आपल्याला वेगळा अनुभव आहे, पास ज्यांना मिळतात ते गाडीतून येतात आणि मध्यंतरात जातात.

काही जण विचारतील, एवढं मुंबईचं कशाला, नाटक देवरूखात आणा. आणूया की! आपल्याकडे चित्रकलेचं कॉलेज आहे, पित्र्यांचं कलासंग्रहालय आहे जिथली चित्रं बघायला लांबून लोक येतात. तालुक्याच्या गावाला हे सगळीकडे नसतं. पण मुंबईचं मोठं नाटक इथे लागणं अजून सणासारखंच आहे, बरं नाटक बघायचं तर रत्नागिरी नाहीतर चिपळूण, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आणि रात्री परतीची गाडी नाही. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, नगरपंचायतीतल्या मंडळींना टॅग करून. तोवर मुंबईला आपण जातोच आहोत, इस्पितळात, लग्नाला, परीक्षेला. नुसती औषधं घेऊनच का परत यायचं?

आमचं नाटक संपलं पावणेअकराला. जिना उतरताना आत्याने कठडा धरला आणि दोनदा थांबली. मला वाटलं दम लागला. ती खाली रिकाम्या होणाऱ्या थिएटरकडे बघत होती. म्हणाली, मधे येवढी जागा व्हती तर लोक कुटं गेलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी म्हटलं चल, गाडी चुकेल.

गाडीत तिला झोप आली नाही. नाटकातल्या सासूचं चुकलं की सुनेचं, हे मला पनवेल जाईपर्यंत ऐकावं लागलं. समोरच्या बर्थवरच्या साखरप्याच्या बाई पण उठून बसल्या आणि सासूच्या बाजूने बोलायला लागल्या. त्यांनी नाटक बघितलंही नव्हतं.

आत्याची पुढची तारीख मिळालीय, तीही गुरुवारचीच. तुतारीचं तिकीट काढून झालं, शुक्रवारच्या तारखेचं, दोनदा तपासलं. नाटकाचं खिडकीवर बघू.